पहिलं पान धरायचं नाही

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या त्या कारखान्यात प्रिंटर बनत नव्हते, जोडले जात होते. सुटे भाग बाहेरदेशातून मुंबईला आणि मुंबईहून ट्रकने सायलीला यायचे. इथे बाया-माणसं ते एकात एक बसवायची, खोक्यात घालायची आणि वरून चिकटपट्टी मारायची, की झाला प्रिंटर तयार. घरी वापरायचा, शाईचे बारीक थेंब उडवून छापणारा, असा तो प्रिंटर. खोक्यावर एका गोऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. आई, बाप, दोन पोरं, आणि चौघांचेही सगळे दात दिसत होते. चित्राखाली दोन आकडे होते: मिनिटाला चार पानं, इंचाला सहाशे ठिपके. या दोन आकड्यांवर अख्खा कारखाना चालत होता, आणि ते खरे आहेत असं रोज लिहून देण्याचं काम सरिताकडे होतं.

सरिता शहाद्याकडची, दहावी पास. शाळेत खेळांच्या स्पर्धा लागल्या की ड्रिलचे मास्तर स्टॉपवॉच हिच्या हातात द्यायचे, कारण आपल्या वर्गाची पोरगी पळत असली तरी ही बटण आधी दाबत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. नवऱ्यामागे, लखनमागे, ती सिल्वासाला आली. कारखान्यात भरती करताना सुपरवायझर रघुनाथ राऊत यांनी विचारलं, "घड्याळ लावता येतं का?" तेव्हा ही मास्तरांची गोष्ट तिने मोठ्या ऐटीत सांगितली. राऊत हसले आणि तिला जोडणीच्या रांगेतून उचलून तपासणीच्या टेबलावर बसवलं. सहा जानेवारीचा सोमवार होता, सत्त्याण्णव साल. घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारली.

ही फुली कशासाठी, ते सांगायला हवं. सायलीत ज्याला अक्षर येत नाही त्यालाही दोनशे चाळीसचा हिशेब येतो. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम धरावा लागतो. निदान 'उद्यापासून येऊ नको' असं तोंडावर सांगता येत नाही. म्हणून कारखानेवाले आकडा भरायच्या अलीकडेच माणसाला ब्रेक देतात. दोन आठवडे घरी बस, मग नव्या पानावर नव्याने ये. सुताच्या कारखान्यात लखनचे असे तीन ब्रेक झाले होते. एकाच यंत्रापुढे उभं राहून तो माणूस कागदावर मात्र दर वर्षी नवा लागलेला असायचा. एका ब्रेकनंतर बोलावणं लांबलं म्हणून त्यांनी बिऱ्हाड उचलून गावाकडे नेलं, तर सोनमचं, त्यांच्या मुलीचं, शाळेचं अर्धं वर्ष बुडालं. तेव्हा दोघांपैकी एकाने तरी पक्कं व्हायचं, एवढंच त्या घराचं मागणं होतं. राऊत म्हणाले होते, तपासणीवरच्या माणसाला ब्रेक देत नाहीत. सरिताने तो शब्द गाठीला बांधला.

पहिला आठवडा तिने शाळेत शिकली होती तसाच मोजला. कॉम्प्युटरवर छापायचं बटण दाबलं की इकडे घड्याळाचं बटण. प्रिंटर जागा व्हायचा, घसा खाकरायचा, आत काहीतरी पुसायचा, मग कागद ओढून घ्यायचा आणि ते शाईचं हेड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेऱ्या मारू लागायचं. कागद खाली पडला की ती घड्याळ थांबवायची. अठ्ठावन्न सेकंद. चौसष्ट सेकंद. एकावन्न. तारीख, मशीनचा नंबर, सेकंद, ठिपके आणि सही, असे रजिस्टरात रकाने होते. ते ती सुवाच्य अक्षरात भरायची. सहा दिवसांत सहा पानं भरली.

शनिवारी दुपारी राऊतांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सरिता, हे काय लिहिलंस? अठ्ठावन्न? खोक्यावर मिनिटाला चार लिहिलंय."

"पण साहेब, लागतात तेवढे."

"लागतात. पण तू मोजतेस कुठून?"

"बटण दाबल्यापासून."

"तिथेच चुकतेस." राऊत स्टूल ओढून बसले आणि समजावून सांगू लागले. पालघरकडचा शांत माणूस, कुणावर कधी आवाज चढवला नाही. वाईट माणसापासून सावध तरी राहता येतं; राऊतांसारख्यापासून सावध कसं राहायचं, हे कुणी शिकवत नाही. "पहिलं पान धरायचं नाही. पहिल्या पानाला मशीन नुसतं जागं होतं, त्याला काय काम म्हणायचं? दुसऱ्यापासून धर. तेही बटण दाबल्यापासून नको, कागद आत ओढला की. आणि शेवटची ओळ उमटली की थांबव. कागद खाली पडायची वाट बघायची नाही. पडणं हे मशीनचं काम नव्हे."

मग त्यांनी तिला कंपनीचं तपासणीचं पान दिलं. त्यावर वर एक खूण होती, खाली चार ओळी होत्या आणि बाकी सगळं पांढरं. आणि छापायचं कसं, तर 'ड्राफ्ट'मध्ये, म्हणजे घाईघाईने, शाई अर्धी उडवत. असं मोजलं तेव्हा बरोब्बर पंधरा सेकंद आले. मिनिटाला चार.

"आणि ठिपके?" तिने विचारलं, कारण भिंग लावून पाहिलं तर ड्राफ्टमधलं अक्षर चाळणीसारखं दिसत होतं.

"ठिपक्यांसाठी दुसरं पान काढ, 'बेस्ट'मध्ये. त्याला घड्याळ लावायचं नाही."

तर अशी ती युक्ती. वेग आणि बारकावा या दोघी सवती. एक घरात आली की दुसरी परड्यातून निघून जाते. कंपनीने दोघींचा फोटो मात्र एकाच चौकटीत लावला होता. दोन्ही आकडे खरे होते, पण एकाच पानावर ते कधी एकत्र नांदले नाहीत. आणि रजिस्टरात पंधरा सेकंद व सहाशे ठिपके शेजारी शेजारी लिहिलेले पाहून कुणालाही वाटावं की एकाच पानाचे आहेत.

राऊतांनी ब्लेडने ती सहा पानं अलगद कापून काढली. "देसाईसाहेबांनी बघायच्या आत परत लिहून टाक. तुझ्याच हाताने लिही, अक्षर बदलायला नको." देसाई म्हणजे गुजराती मॅनेजर. सरिताने सुट्टीनंतर तासभर बसून सोमवार ते शनिवार असे सहा दिवस एका बैठकीत, एका निळ्या पेनाने पुन्हा लिहिले. सगळीकडे पंधरा, कुठे चौदा, खरं वाटावं म्हणून कुठे सोळा. खाली सहा सह्या.

संध्याकाळी तिने लखनला सांगितलं तेव्हा तो भाकरी मोडत होता. "येडी शे का तू?" तो म्हणाला. "घड्याय तुना हातमा शे, टाइम त्यास्ना शे. लिखी दे ना. तू पक्की व्हयनी की आपुन इठेच ऱ्हासूत."

तिने लिहून दिलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पहिले काही दिवस पंधरा लिहिताना तिचं बोट अडखळायचं; नंतर अडखळेनासं झालं. हे सगळ्यात वाईट, पण खरं आहे. माणसाला खोटं टोचतं ते नवी चप्पल टोचते तसं, आठवडाभर. पुढे पुढे तर घड्याळ न लावताही ती पंधरा लिहू लागली, कारण काय येणार हे ठरलेलंच होतं. देसाईसाहेब येता-जाता म्हणायचे, "बेननुं काम एकदम चोख्खुं." कॅलेंडरातल्या फुल्या वाढत होत्या, आणि सरिता खूश होती.

त्यांचं बिऱ्हाड सिल्वासातल्या डोकमर्डीत, सुलभा सामंत मॅडमच्या मागच्या खोलीत होतं. मॅडम मूळच्या कोकणातल्या, वीस वर्षं सिल्वासात मराठी शाळेत शिकवत होत्या. सोनम त्यांच्याच वर्गात होती आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याच ओटीवर अभ्यासाला बसायची. मॅडम दर वर्षी मुलांचं हस्तलिखित काढायच्या. मुलांच्या गोष्टी, मुलांची चित्रं, अंक मात्र एकच. तो कपाटात जायचा आणि मुलं त्याला हातसुद्धा लावू शकायची नाहीत. या वर्षी त्यांच्या मनात आलं की घरच्या कॉम्प्युटरला प्रिंटर घ्यावा आणि साठही मुलांना रंगीत अंक द्यावा, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात म्हणून पंधरा ऑगस्टला.

जूनमध्ये एका रविवारी त्यांनी सरिताला बोलावलं. कुठल्याशा मासिकातून कापलेली जाहिरात त्यांच्या हातात होती. त्यात तेच दात दाखवणारं कुटुंब होतं.

"सरिता, जाहिरातीवर माझा विश्वास नाही. तू रोज मोजतेस. खरंच मिनिटाला चार पानं निघतात?"

त्या वेळी खरं सांगायला तिला कुणी अडवलं नव्हतं. ना देसाई समोर होते, ना राऊत. पण सहा महिने रोज सही करून तो आकडा तिचाच झाला होता. तो खोटा म्हणायचा तर स्वतःला खोटं म्हणायला हवं होतं. शिवाय शाळेच्या बाईंपुढे आपलं काम मोठं दिसावं ही हौसही होतीच.

"हो मॅडम," ती म्हणाली. "माझ्या हातनं मोजलंय."

मॅडमनी कागदावर गुणाकार केला. बारा पानांचा अंक, साठ प्रती, सातशे वीस पानं. मिनिटाला चार, म्हणजे तीन तास. "एका रविवारच्या दुपारचं काम," त्या समाधानाने म्हणाल्या. प्रिंटर घरी आला, चित्रं बाजारातून स्कॅन करून आणली, आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दुपारी जेवण आटोपून त्या बसल्या. मुलांची चित्रं काठोकाठ रंगवलेली होती. मुलं काही कंपनीसारखी चार ओळी काढून पान पांढरं सोडत नाहीत. पहिल्या चित्राला नऊ मिनिटं लागली. हेड एका पट्टीवरून चार चारदा फिरत होतं, मध्येच थांबून शाई सुकायची वाट बघत होतं. मॅडमनी पुन्हा गुणाकार केला. एकशे आठ तास. जपमाळेला मणी असतात तितके.

त्या पंधरवड्यात मागच्या खोलीत सरिताला तो आवाज सारखा ऐकू यायचा, शाळेच्या आधी, शाळा सुटल्यावर, दोन्ही रविवार दिवसभर. खर्र, खर्र, थांबणं, पुन्हा खर्र. अकरा अंक नीट झाले. उरलेले मॅडमनी शेवटी ड्राफ्टमध्ये काढले. सोनमच्या वाट्याला ड्राफ्टमधला आला. तिने काढलेला हिरवागार पोपट त्यात आजाऱ्यासारखा पडला होता, आणि अंगावरून पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. पोरीने तोही भिंतीवर लावला.

मॅडम रागावल्या नाहीत. सरिता पाणी भरायला आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सरिता, तू कोणतं पान मोजत होतीस?"

सरिताने कळशी उचलली आणि खाली मान घालून निघून गेली. त्यानंतर सोनमला ओटीवर पाठवताना ती स्वतः कधी दारापर्यंत गेली नाही.

सप्टेंबर सरता सरता राऊत एका नव्या मुलीला घेऊन आले. शैलजा, साक्रीकडची, तोंडावर सदा हसू. "हिला शिकव," राऊत म्हणाले. "काम वाढतंय, दोघी लागतील." सरिताने शिकवलं. पहिलं पान धरायचं नाही. कागद ओढला की बटण दाबायचं, शेवटची ओळ उमटली की थांबायचं. ठिपक्यांच्या पानाला घड्याळ लावायचं नाही. राऊतांचेच शब्द, त्याच क्रमाने. शैलजा भाबडेपणाने म्हणाली, "पण ताई, मग खरा टाइम कुठे लिहायचा?" सरिता म्हणाली, "तसा रकाना नाही." म्हणताना तिला जरा मजाही वाटली, कुणीतरी आपल्याला ताई म्हणतंय, आपल्याकडून शिकतंय. दोघी कशाला लागतात, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला नाही. काखेत कळसा तो हाच.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर कॅलेंडरात दोनशे चाळिसावी फुली पडली. लखनने त्या दिवशी जिलबी आणली. "आते कोन काय करी लेई," तो म्हणाला, आणि सोनमला खांद्यावर घेऊन गल्लीत फिरवून आणलं. महिन्याच्या अखेरीस कारखान्याच्या फळ्यावर कायम झालेल्यांची यादी लागली तेव्हा सरिताच्या हिशेबाने दोनशे एकावन्न दिवस भरले होते. यादीत चार नावं होती. तिने ती दोनदा वाचली, मग खालून वर वाचली.

राऊत तपासणीच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

"साहेब, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही. तुझे दोनशे चौदा भरतात."

"दोनशे एकावन्न. मी रोज फुली मारलीय."

"पहिले सव्वीस दिवस ट्रेनिंगचे. ते धरत नाहीत." राऊत हळू आवाजात बोलत होते, जणू घशाचं दुखणं आहे. "आणि जुलैत माल आला नव्हता, तेव्हा अकरा दिवस तुम्ही नुसत्या बसून होता. मशीन चालू नव्हतं. तेही धरत नाहीत. सोमवारपासून तुला ब्रेक आहे सरिता. पंधरा दिवसांनी ये, नवीन फॉर्म भरू."

हा हिशेब सरिताच्या ओळखीचा होता. सुरुवात धरायची नाही, थांबणं धरायचं नाही, ज्याने आकडा बिघडेल ते काम नव्हे म्हणायचं. अकरा महिने तिने प्रिंटरवर जे केलं तेच कुणीतरी तिच्यावर केलं होतं, आणि तितक्याच सुवाच्य अक्षरात. तिला संताप आला तो राऊतांचा नव्हे. संताप याचा आला की ही रीत चुकीची आहे असं म्हणायला तिला तोंडच उरलं नव्हतं.

तरी ती गप्प बसली नाही. लखन म्हणाला, "पंधरा दिन बस, मंग परत जाय." ती म्हणाली, "तू तीनदा बसलास, काय झालं?" आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदा सुलभा मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पहिल्या दिवसापासून तू काम केलंस, नुसती शिकत नव्हतीस, याला काही पुरावा आहे?"

"रजिस्टर आहे, मॅडम. सहा जानेवारीपासून रोज माझी सही आहे."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या आणि कामगार खात्याला अर्ज लिहायला बसल्या. अर्ज त्यांनी त्याच प्रिंटरवर छापला. पान निघेपर्यंत सरिताच्या ओठांवर आकडे चालू होते. बटण दाबल्यापासून कागद पडेपर्यंत अठ्ठावन्न. पहिल्या आठवड्यात लिहिलेला, मग ब्लेडने कापून काढलेला आकडा. मॅडमनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि अर्जाची घडी घातली.

जानेवारीच्या मध्याला सुनावणी झाली. कामगार खात्याचे साहेब पोक्त होते, घाई नसलेले. एका बाजूला देसाई आणि राऊत, दुसऱ्या बाजूला सरिता आणि तिच्यासोबत मॅडम. कोपऱ्यात कारकुनाच्या टेबलावर प्रिंटर होता. सरिताने तो दारातूनच ओळखला. तिच्याच कारखान्यातला, कदाचित तिच्याच सहीने बाहेर पडलेला. देसाईंनी रजिस्टर देताना खळखळ केली नाही, उलट हसतमुखाने पुढे सरकवलं. याचीच तिला पहिल्यांदा भीती वाटली.

साहेबांनी जानेवारीची पानं उघडली. एक बोट सेकंदांच्या रकान्यावर, दुसरं ठिपक्यांच्या रकान्यावर ठेवलं.

"पंधरा सेकंद आणि इंचाला सहाशे ठिपके. हे एकाच पानाचं?"

"नाही साहेब. ठिपक्यांचं पान वेगळं काढतो."

"इथे तसं लिहिलेलं नाही."

"नाही."

कोपऱ्यात कारकुनाने काहीतरी छापायला दिलं होतं. खर्र, खर्र, थांबणं. साहेबांनी तिकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. खोलीत सगळे त्या एका पानाची वाट बघत बसले. ते पान खाली पडायला पुष्कळ वेळ लागला.

"माझ्याकडे वर्षभर हेच मशीन आहे," साहेब म्हणाले. "मला कधी पंधरा सेकंदांत पान मिळालं नाही. बाई, हे आकडे तुम्ही लिहिले?"

"हो साहेब."

"खरे आहेत?"

हो म्हणावं तर खोटेपणा कोपऱ्यातच बसलेला होता, आताच सगळ्यांच्या कानांवर पडलेला. नाही म्हणावं तर ज्या वहीवर ती उभी होती तीच पायाखालून काढून द्यायची. सरिताला शाळेचं मैदान आठवलं, आणि मास्तरांनी विश्वासाने हातात ठेवलेलं ते जड घड्याळ.

"खोटे आहेत," ती म्हणाली. "पण दिवस खरे आहेत."

देसाई पुढे वाकले. "साहेब, पहिली सहा पानं जरा बघा ने. एकच पेन, एकच बैठक. अगोदरची पानं ब्लेडने काढलेली, खुणा दिसते. बेन त्या टाइमला ट्रेनिंगमध्ये होती, शिकत होती. दिवस वाढवायला मागाहून लिहिलं, बीजुं काय?"

चोराच्या उलट्या बोंबा. सरिता उभीच राहिली. "मला लिहायला लावलं साहेब. राऊतसाहेबांनी स्वतः पानं कापली. विचारा त्यांना."

साहेबांनी राऊतांकडे पाहिलं. राऊत टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांना दोन मुली होत्या, वाडीत अर्धवट बांधलेलं घर होतं, आणि ते स्वतः कायम होते.

"मला आठवत नाही, साहेब," ते म्हणाले.

सुलभा मॅडमनी तोंड उघडलं, पण त्यांना काय ठाऊक होतं? त्यांना एवढंच ठाऊक होतं की जूनमधल्या एका रविवारी या बाईने त्यांनाही चार पानं सांगितली होती.

साहेबांनी रजिस्टर बंद केलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "बाई, तुम्ही काम केलं असेल. मला तर वाटतं केलंच असेल. पण वहीतला एक रकाना खोटा आहे असं तुम्हीच सांगता. मग शेजारचा तारखेचा रकाना मी खरा कशावरून धरू? दुसरा कागद आहे का?"

दुसरा कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. पेन्सिलीच्या फुल्या. तिने त्याचं नावही काढलं नाही.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "चल, माझ्याबरोबर रिक्षाने ये." सरिता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." तिला थोडा वेळ कुणाच्याही ओळखीत राहायचं नव्हतं. ती टेम्पोच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. सायलीची दिवसपाळी सुटली होती. गर्दी उतरत होती, चढत होती. त्यातून हाक आली.

"ताई!"

शैलजा होती. तेच हसू. गळ्यात कंपनीचं स्टॉपवॉच तसंच लटकत होतं, काढून ठेवायला विसरली असणार. "ताई, कुठे होता इतके दिवस? टेबलावर मी एकटीच असते आता. राऊतसाहेब म्हणतात, तपासणीवर ब्रेक नसतो, मी पक्की होणार. आज माझे सत्त्याण्णव झाले."

"कुठून मोजतेस?" सरिताने विचारलं.

"कुठून म्हणजे? पहिल्या दिवसापासून."

"पहिले सव्वीस काढून टाक. आणि माल नसताना बसून होतीस तेही दिवस काढ."

शैलजा क्षणभर गोंधळली, मग तिला विनोद कळल्यासारखी मोठ्याने हसली. "काय ताई तुम्ही पण. ते मशीनचं असतं. तुम्हीच नाही का शिकवलं? माणसाचं असं कोण मोजतं?"

एवढ्यात टेम्पो आला. शैलजा आधी चढली, आणि ताईला जागा व्हावी म्हणून अंग चोरून बसली.